सात दारांचं झबलं

लबीबाच्या घरात कापडाला कधीच तोटा नव्हता. तोटा होता तो माणसाला टेकायला जागेचा. कैरो शहर अंगावरून जे जे उतरवून फेकतं ते मुकत्तमच्या डोंगराखालच्या कचरेवाल्यांच्या वस्तीत येऊन पडतं, आणि त्यातली चिंधी तेवढी लबीबाच्या खालच्या खोलीत. पडदे, चादरी, शाळेचे गणवेश, हॉटेलांतली टेबलावरची कापडं, एकदा तर सोफ्याची अख्खी मखमली खोळ. छतापर्यंत पोती. वरच्या पोत्यावर मांजर, खालच्या पोत्यावर पाहुणा.

आणि असली ही बाई नाताळच्या उपासात, काळी ओढणी कपाळापर्यंत ओढून, गल्लीत दारोदार चिंधी मागत फिरत होती.

वस्तीतल्या कुणालाही याचं नवल वाटलं नाही. बाहेरच्याला वाटेल. म्हणून मागचं सांगायला हवं.

बत्तीस वर्षांपूर्वी लबीबाची लागोपाठ तीन पोरं गेली. एक जन्मताच, एक चाळिसाव्या दिवशी, एक तापानं. चौथ्या वेळी पोट दिसायला लागलं तेव्हा सासू म्हणाली, "पोरी, बाळाला आता विकतचं कापड नको, सापडलेलं नको, पोत्यातलं तर मुळीच नको. आता माग." मागायचं म्हणजे कसं, तेही तिनंच सांगितलं. सात दारं घ्यायची. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून हात पुढे करायचा. आत पाऊल टाकायचं नाही. काय द्यायचं ते देणारी ठरवील. कुठलं कापड, कुणाचं कापड, हे विचारायचं नाही. त्या सात तुकड्यांचं झबलं शिवायचं आणि पोर जन्मलं की अंगाला पहिलं तेच लावायचं. म्हणजे वाईट नजर आलीच तर तिला वाटतं, हे तर भिकारणीचं पोर, इथं काय आहे न्यायला, आणि ती पुढच्या दाराला जाते.

लबीबा तेव्हाही मान वर करून चालणारी. कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं तिनं. पण गेली. सातही दारांत उभी राहिली. पोर जगलं. त्याचं नाव ठेवलं शहाता, म्हणजे मागून मिळवलेला. तो आता दोघांनी उचलायचं पोतं एकटा पाठीवर घेतो आणि पहाटे गाडी घेऊन शहरात कचरा गोळा करायला जातो.

त्या वर्षापासून लबीबानं नेमच धरला. दर नाताळला सात घरांना सात भेटी, सगळ्या तिच्या हातच्या, सगळ्या चिंध्यांच्या. त्याला कुणी परतफेड म्हटलं की ती भडकायची. "परतफेड दुकानदाराची करतात. मी भेट देते. नको असेल तर परत कर, माझी मांजर त्यावर झोपेल."

पण तिच्या भेटीतली चिंधी कुठलीही उचललेली नसायची. गल्लीत कुणी वारलं, कुणाचं लग्न झालं, कुणाचं पोर कपड्यातून वाढलं, की बायका एखादं कापड घेऊन तिच्याकडे यायच्या, शहाताची आई म्हणून हाक मारायच्या. "उम्म शहाता, हे फेकवत नाही गं." अख्ख्या शहराचं फेकलेलं उचलणारी माणसं ही, पण त्यांनाही फेकवत नाही असं कापड प्रत्येकीकडे निघतंच. लबीबा ते नाकाशी धरायची, अंगठ्यानं चोळायची, कडेचा एक धागा काडीनं पेटवून बघायची. कागदासारखा वास आला तर सुती, मण्यासारखं गोठलं तर नायलॉन. मग नाताळात तेच कापड भलत्याच रूपात घरी परत जायचं. बापाच्या लांब झग्याच्या कॉलरची बनायची चर्चमधून आणायच्या पवित्र पावासाठी पिशवी. नवरीच्या पोशाखाचं अस्तर बनायचं उशीचा अभ्रा. फायका नावाच्या शेजारणीचा नवरा वारला, तेव्हा त्याच्या फाटक्या कोटाचे लबीबानं गरम पातेलं धरायचे दोन जाडजूड रुमाल केले. फायका म्हणाली, "जिवंत असताना कधी स्वयंपाकघरात आला नाही मेला, आता रोज हाताशी आहे." हसता हसता रडली आणि मग नाक त्याच रुमालाला पुसलं.

तर आता पुन्हा झबल्याची वेळ आली होती. या वेळी शहाताच्या बायकोसाठी.

मर्सीनाला आठवा महिना होता. शिकलेली मुलगी. चर्चच्या वर्गात लहान पोरांना अक्षरं शिकवायची. याआधी दोनदा पोटात राहिलं होतं. एक पाचव्या महिन्यात गेलं, दुसरं दोन दिवस श्वास घेऊन. दुसऱ्या वेळेनंतर ती वर्षभर कुणाच्या बारशाला गेली नाही. एका सकाळी मसूर निवडता निवडता ती म्हणाली, "आई, झबलं करायचंय ना?"

"तुझा डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतो, गोळ्या घे, मीठ कमी कर, जिना चढू नको."

"मग?"

"गोळ्या घेते. मीठ कमी केलंय. जिने तुम्ही चढा. झबल्याबद्दल तो काही बोलला नाही, म्हणजे त्याची हरकत नाही."

लबीबा हसली. "बरं, उद्या निघते. फायका आहे, वरच्या मजल्यावरची सून आहे, कोपऱ्यावरची..."

"नाही. ज्या सात दारांनी शहाताला राखलं तीच सात. एकही बदलायचं नाही." मसुरातला खडा बाजूला टाकत मर्सीना शांतपणे म्हणाली. मग मान वर न करता, "हे तिसरं आहे, आई. तुमचंही तिसरं गेलं होतं. मला चौथ्यापर्यंत जायचं नाही."

त्या सातांतलं सातवं दार इन्साफचं होतं, आणि इन्साफ अकरा वर्षं तिच्याशी बोलत नव्हती.

इन्साफचं घर समोरच. दोन खिडक्यांच्या मधे हात लांबवला तर बोटं लागतील एवढी गल्ली. कधीकाळी दोघींची वाळवणाची दोरी एक होती, सणाची बिस्किटं भाजायचं ताट एक होतं, कुणाच्या नवऱ्याला आधी शिव्या घालायच्या याचा तेवढा वाद असायचा. मग एका सकाळी इन्साफनं आपल्या बाजूनं दोरी कापली. लबीबाचा धुतलेला परकर गल्लीतल्या गाढवाच्या पाठीवर पडला. खिडकीतून लबीबा ओरडली, "वेड लागलं का गं?" इन्साफनं फळी ओढून घेतली. संपलं.

कारण काय ते लबीबाला कळलं नाही, आणि विचारायला ती जाणार नव्हती. तिनं स्वतःच एक कारण ठरवून टाकलं: जळते. कारण त्याच आठवड्यात शहरातल्या एका संस्थेची बाई वस्तीतल्या गोधडी-चटयांच्या कारखान्यात आली होती. तिथून ती लबीबाच्या घरी डोकावली, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेलं शहाताचं जुनं झबलं बघून चष्म्याआड तिचे डोळे मोठे झाले. "हा तर ठेवा आहे! दोन महिने आमच्या दालनात ठेवू. खाली तुमचं नाव लिहू." लबीबा फुगली. तिनं झबलं स्वतः धुऊन, इस्त्री करून दिलं. दोन महिन्यांची दोन वर्षं झाली, अकरा झाली. परत मागायला जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. दिलं ते दिलं. रिकाम्या खिळ्यावर तिनं संतांच्या तसबिरींचं कॅलेंडर लावलं.

एक गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती. दर नाताळला ती सात भेटी शिवायचीच. सातवी शिवून, दुमडून, तिळाच्या हलव्याच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि डबा पोत्यांमागं ढकलायची.

सहा दारं एका दिवसात झाली. सगळ्याच घरांतल्या बायका त्याच नव्हत्या. दोन दारांत आता सुना उभ्या राहिल्या. पण कशासाठी आली ते न सांगता कळत होतं. कुणी शाळेच्या शर्टाचा खिसा दिला, कुणी पडद्याची झालर. त्या सातांतल्याच फायकानं थेट नवऱ्याच्या कोटातलं उरलेलं अस्तर आणलं. "घे. त्याच्यासारखं शिंकेल अधूनमधून, तेवढं सोडलं तर कापड चांगलं आहे."

सातव्या दाराशी लबीबा दुसऱ्या दिवशी गेली. त्याआधी दोनदा अर्ध्या गल्लीतून परत फिरली. एकदा ओढणी नीट करायला, एकदा काहीच कारण नसताना.

इन्साफनं दार उघडलं. हातात कांदा, डोळ्यांत पाणी, पाणी कांद्याचंच. तिनं लबीबाला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"का? घरातलं कापड संपलं?"

"संपलं नाही. मागायला आलेय."

"अकरा वर्षांनी पाय वळले ते मागायला."

"माझ्यासाठी नाही. मर्सीनासाठी. तीच सात दारं हवीत म्हणते." लबीबानं हात पुढे केला. हात आपोआप मुठीत वळत होता, तो तिनं जबरदस्तीनं उघडा ठेवला. "दे गं एक तुकडा. देव तुझं भलं करो."

इन्साफ त्या हाताकडे बघत राहिली. "आधी शहाताचं झबलं दाखव. माझा तुकडा किती टिकला ते बघते, मग दुसरा देते."

"ते शहरात आहे. काचेत ठेवलंय. माझं नाव लिहून."

"काचेत." कांदा इन्साफच्या हातातून खाली पडला. "माझ्या पोरीला काचेत ठेवलंस तू."

लबीबाला आधी काहीच समजलं नाही.

"निळी फलालीन. पिवळ्या चिमण्यांची. डाव्या खांद्यावर लावली होतीस. आठवते?"

आठवत होती. सातांत तोच तुकडा मऊ होता.

"ती माझ्या नर्गिसच्या रात्रीच्या झग्याची बाही."

नर्गिस. इन्साफची पहिली. लबीबाला शहाता झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यात चार वर्षांची होऊन गेली. तिसऱ्या दिवशी धर्मगुरूंनी घरात पाणी शिंपडलं आणि बायकांनी पोरीचे कपडे गाठोडं बांधून बाहेर काढले, तेव्हा एक बाही इन्साफनं कापून छातीशी लपवली होती. पुढं तिला दोन मुलगे झाले, गल्ली तिला थोरल्याच्या नावानं उम्म गत्तास म्हणायला लागली, आणि नर्गिसचं नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही.

"मेलेल्या पोराचं कापड," लबीबाचा आवाज चिरकला, "माझ्या पोटातल्या पोराला दिलंस? तीन गेली होती माझी, इन्साफ!"

"दिलं! सांगितलं असतं तर घेतलं असतंस? ती चारावर थांबली. म्हटलं, एवढी बाही तरी वाढू दे कुणाच्या अंगावर. तुझा शहाता रांगायचा तेव्हा मी खिडकीत बसून खांदा बघायची, खांदा! तू समजायचीस, काय माया आहे बाईची तुझ्या पोरावर." ती धापा टाकत होती. "मग तू ते भिंतीवर टांगलंस. येता-जाता हात लावत होते. एक दिवस आले तर नुसता खिळा. आणि भांडायला मला तोंड कुठं होतं? काय सांगणार होते तुला?"

दार बंद झालं. कांदा बाहेर उंबऱ्याशी राहिला.

लबीबा घरी आली. दुपारभर ती पोती उगाच इकडची तिकडं करत होती. राग आला होता, भीतीही वाटत होती, आणि दोन्ही आता बत्तीस वर्षं उशिरानं. शहाता कामावरून आला, जमिनीवर बसला आणि शिजवलेले बाकल्याचे दाणे भाकरीनं खायला लागला. मधेच कच्चा कांदा मुठीनं फोडला. लबीबा त्याच्या डाव्या खांद्याकडे बघत होती. रुंद, घामट, पोत्यानं घासून काळा पडलेला खांदा.

"काय बघतेस, आई?"

"काही नाही. खा." मग ती उठली, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि खिळ्यावरून बोट फिरवलं. "उद्या काम संपलं की गाडी त्या संस्थेकडे घे. मला यायचंय."

संस्था नदीकाठच्या झाडांच्या रस्त्यावर होती. दालनात गारवा, दिवे मंद, आणि भिंतीवर काचेआड शहाताचं झबलं, हात पसरून, टाचण्यांनी रोवलेलं. खाली छोटी पाटी. लबीबाला वाचता येत नव्हतं. "वाच. माझं नाव कसं लिहिलंय?"

शहातानं मनातल्या मनात वाचलं.

"वाच म्हणते ना."

"चिंध्यांचा बालपोशाख," तो हळू म्हणाला. "मुकत्तम. कारागीर अज्ञात."

"म्हणजे?"

"म्हणजे... कुणी शिवला ते माहीत नाही."

तिचा आवाज त्या गार दालनात असा घुमला की दाराशी पेंगणारा पहारेकरी उभा राहिला. "माहीत नाही? इस्त्री करून ज्या हातानं दिलं तो हात माहीत नाही?"

संस्थेची प्रमुख बाई आली. अकरा वर्षांपूर्वीची नव्हे, दुसरी. तरुण, गोड बोलणारी. तिनं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, चहा सांगितला. "आजी, तुमच्या भावना समजतात. पण हे आता संग्रहात नोंदलंय. समितीसमोर ठेवावं लागेल. मार्चमध्ये बैठक आहे."

"मार्चमध्ये माझं नातवंड महिनाभराचं होईल."

"माझ्या हातात नाही हो."

लबीबा शहाताकडे वळली. "या रस्त्याचा कचरा कुणाचा?"

"हाबीलकाकांच्या पोरांचा."

"लाव फोन."

शहातानं लावला. लबीबानं फोन घेतला आणि त्या बाईकडे बघतच बोलायला लागली. "हाबील, मी लबीबा. बरा आहेस? पोरं बरी आहेत? नदीकाठच्या या संस्थेत आलेय. उद्यापासून हिचा कचरा उचलू नकोस. नाही, भांडण नाही. यांना सगळं जपून ठेवायची आवड आहे, बाबा. मी म्हटलं, कचराही संग्रहात नोंदवू दे."

फोनमधून हाबीलचं खो खो हसणं सगळ्यांना ऐकू आलं. चहाचा पेला पुढे करणारा शिपाई मान खाली घालून हसत होता. दोन दिवस कचरा उचलला नाही तर त्या झाडांच्या रस्त्यावर काय होतं, ते त्याला प्रमुख बाईपेक्षा जास्त ठाऊक होतं.

तीही मूर्ख नव्हती. पाच मिनिटांनी तिनं स्वतः काच उघडली आणि टाचण्या काढल्या. टाचण्या काढताना थांबून तिनं विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगता? निदान नोंदीत तरी लिहीन." लबीबाचा राग त्यावर थोडा विरघळला. नाव सांगितलं, तीन पिढ्यांसकट. निघताना काचेत नुसती पाटी उरली होती: कारागीर अज्ञात.

गाडीत बसल्या बसल्या लबीबानं डाव्या खांद्याचे टाके दातांनी उसवायला घेतले. स्वतःच्याच हातचे टाके, इतके बारीक की दात लागेना. "कुणी शिवलंय मेलं इतकं घट्ट," ती पुटपुटली. शहाता हसून म्हणाला, "अज्ञात कारागिरानं." तिनं त्याच्या मांडीवर चापट मारली. डोंगराच्या पायथ्याशी येईतो निळी फलालीन तिच्या तळहातावर सुटी झाली होती. चिमण्या पुसट, पण एकीचा डोळा अजून काळाभोर.

त्या संध्याकाळी तिनं मर्सीनाला सगळं सांगितलं. लपवून चालणार नव्हतं; कापड तिच्या पोराच्या अंगाला लागायचं होतं. मर्सीनानं पोटावर हात ठेवला.

"म्हणजे शहाता जिच्या बाहीत वाढला ती मुलगी नर्गिस."

"हो."

"मग सातवा तुकडा तोच हवा."

"घाबरत नाहीस?"

"माझ्या दोघांचं काहीच उरलं नाही, आई. एक बाहीसुद्धा नाही. मला कशाची भीती?" मर्सीनानं डोळे पुसले. "माझ्याकडे असती तर मीही दिली असती कुणाला तरी."

"पण ते मागता येणार नाही, पोरी. कुठलं कापड ते मागणारीनं सांगायचं नसतं. आणि ते आता तिचं आहे. मी परत द्यायला आणलंय."

दुसऱ्या दिवशी लबीबा पुन्हा समोरच्या दाराशी उभी राहिली. दार उघडलं तशी तिनं कित्येक वर्षांनी लेकीच्या नावानं हाक मारली. "उम्म नर्गिस."

इन्साफचा हात दाराच्या फळीवर तसाच राहिला. बत्तीस वर्षांत गल्लीतल्या कुणी तिला त्या नावानं हाक मारली नव्हती.

लबीबानं फलालीन तिच्या हातात ठेवली. इन्साफनं ती नाकाशी नेली. "डांबरगोळ्यांचा वास येतोय."

"ठेवली होती तशी. माझी चूक. मला माहीत असतं तर खिळ्याला कुलूप लावलं असतं." लबीबानं पुन्हा हात पुढे केला, या वेळी मूठ वळली नाही. "आता मागते. घरातलं काहीही दे. पायपुसणं दे. दारातून रिकामी पाठवू नकोस."

इन्साफनं लबीबाच्या हाताकडे पाहिलं, आपल्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं. लबीबा उभी राहिली. समोरून तेलाची पिंपं घेऊन गाडी गेली, फायकानं खिडकीतून डोकावून मान आत घेतली. दार काही उघडलं नाही. आयुष्यात लबीबा कुणाच्या दाराशी इतका वेळ कधी उभी राहिली नव्हती.

सहा तुकड्यांचं झबलं शिवून झालं. डाव्या खांद्याला हाताएवढं भोक. फायका म्हणाली, "माझ्याकडचा अजून एक तुकडा लाव, कुणाला कळतंय?" लबीबा तिच्यावर अशी वसकली की फायका चहा अर्धा टाकून गेली. आणि नाताळ येऊन ठेपला. त्रेचाळीस दिवसांचा उपास सुटला, गल्लीभर मटणाच्या रश्श्याचा आणि तुपाचा वास सुटला, गाढवांच्या गळ्यातसुद्धा कुणी लाल फिती बांधल्या. सकाळी लबीबानं सहा घरी सहा भेटी पोचवल्या. घरी येऊन बसली. सणाची बिस्किटं ताटात, वर साखरेची पूड. कुणाला खावंसं वाटत नव्हतं. मर्सीनाच्या मांडीवर ते भोकाचं झबलं होतं.

दाराशी सावली पडली. इन्साफ. काळा पोशाख, वर नवी ओढणी, आणि छातीवर टोचलेली दोरा ओवलेली सुई.

"सणाच्या दिवशी दारात आलेल्याला या म्हणायची पद्धत बंद झाली का?" ती म्हणाली.

"ये," लबीबा कशीबशी म्हणाली.

"ते आण इकडे." तिनं झबलं मर्सीनाच्या मांडीवरून घेतलं, पोत्यावर बसली, छातीतून निळी फलालीन काढली आणि भोकावर ठेवून टाके घालायला लागली. लांब लांब, सैल, शिंपी मापासाठी घालतो तसे कच्चे.

लबीबाच्यानं राहवेना. "अगं, असे टाके एका धुण्यात निघतील."

"निघायलाच हवेत. मी दिलेलं नाही हे. वापरायला दिलंय." इन्साफनं दोरा दातानं तोडला आणि झबलं मर्सीनाकडे दिलं. "पोर चालायला लागलं की उसवायचं आणि माझं मला आणून द्यायचं. चालत आणून द्यायचं, त्यानं. कळलं? आणि मधे कुणी चष्मेवाली बाई आली तर तिला आधी माझ्याकडे पाठव."

मर्सीनानं तिचा हात धरला आणि त्यावर ओठ टेकवले. "मुलगी झाली तर नाव..."

"नाव नको," इन्साफ चटकन म्हणाली. "तिचं तिला असू दे. हिला नवं ठेवा." मग खांद्यावरच्या चिमणीवरून अंगठा फिरवून ती लबीबाकडे वळली, आणि आवाज एकदम जुना झाला, खिडकीतला. "आणि तू गं? अकरा नाताळ गेले. माझ्या भेटी कुठायत?"

"कुठल्या भेटी?"

"ए, बस. मला माहीत नाही होय? सहा शिवून तू सातवी न शिवता झोपणारी बाई आहेस?"

शहातानं पोती बाजूला सारली, डबा काढला. इन्साफनं एकेक वस्तू बाहेर काढून मांडीवर ठेवली. पाव ठेवायची पिशवी: "शिवण वाकडी." पातेल्याचे रुमाल: "हा रंग मला शोभतो होय?" उशीचा अभ्रा, सुयांची गादी, काखेत फाटणार नाही असं दुहेरी शिवलेलं एक पोलकं. प्रत्येकाला नाव ठेवत होती आणि प्रत्येक घडी पुन्हा नीट घालत होती. अकरावी मांडीवर ठेवून तिनं डब्यात हात घातला आणि तळ चाचपला.

"यंदाची?"

"यंदा नाही शिवली," लबीबा म्हणाली. "दारात उभं राहण्यातच वेळ गेला माझा."

इन्साफनं मांजर उचलून खाली सोडलं, पोत्यावर नीट टेकली, आणि ताटातलं एक बिस्किट घेतलं. "मग बस शिवायला. मला कुठं जायचंय?"